फितीसाठी वाजवलेला सायरन

"मॅडम, फक्त सही करायची आहे. वाचत कशाला बसलात?"

फोनवर देसाई होते, माझे प्रोजेक्ट हेड. मी पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसले होते आणि माझ्या हातात आमच्या कंपनीच्या लेटरहेडवरची तक्रार होती. खाडीवर बसवलेली पूरसूचना यंत्रणा 'सुस्थितीत व अचूक' चालू असताना मनीषा हरिश्चंद्र पाटील हिने सायरनची वायर कापून नुकसान केले, असा मजकूर. खाली तांत्रिक अधिकारी म्हणून माझं नाव टाइप करून तयार. फौजदारसाहेबांनी गुन्हा नोंदवायच्या आधी दोन्ही बाजूंना बोलावलं होतं.

ती मनीषा समोरच्याच बाकावर बसली होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, तोंडावर राग आणि डोळ्यांत भीती. विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये तिची निवड झाली होती. इंटरव्ह्यू झाला, मेडिकल झाली, फक्त पोलीस व्हेरिफिकेशन राहिलं होतं. नावावर गुन्हा लागला असता तर नोकरी गेलीच होती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि देसाईंनाही माहीत होतं.

'सुस्थितीत व अचूक' हे शब्द वाचले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

का, ते सांगायचं तर आधी यंत्र काय होतं ते सांगायला हवं. मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. धरण, नदी, खाडी, डोंगराचा उतार, जिथे माणूस रोज उभा राहून मोजमाप घेऊ शकत नाही तिथे मोजणारं यंत्र बसवायचं, हा माझा धंदा. राहायला कामोठ्याला. पनवेलजवळ कसली आलीय रिमोट साइट, असं लोक हसून विचारतात. त्यांना म्हणावं, या एकदा. उलव्याच्या टॉवर्समधून रिक्षा जिथवर जाते तिथवर जा. पुढे डंपरने उखणलेला रस्ता, आणि मग रस्ताच नाही. खाडीच्या बांधावरून चालत जायचं. एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला चिखल, आणि समोर आकाशात क्रेन. त्या बांधाच्या आतल्या बाजूला एक पाडा आहे. बॅटरी, सोलर पॅनेल, लोखंडी ब्रॅकेट, सगळं आम्ही त्या बांधावरून डोक्या-खांद्यावरून नेलं. पाऊस चालू. माझा टेक्निशियन एकदा घसरला तेव्हा त्याने स्वतःला सोडलं पण सेन्सरचा खोका सोडला नाही.

आजूबाजूला मातीचे भराव पडल्यापासून या पाड्यात पाणी जास्त चढायला लागलं होतं. म्हणून एका मोठ्या बिल्डर कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, पूरसूचना यंत्रणा द्यायचं ठरवलं आणि काम आमच्याकडे आलं. काम चांगलंच होतं. मला मनापासून आवडलं होतं.

बांधात एक उघाडी असते. उघाडी म्हणजे बांधातलं दार, ओहोटीला उघडायचं आणि भरतीला मिटायचं. तिच्या वर आम्ही रडार सेन्सर बसवला. तो खाली पाण्याकडे बघतो, लहर सोडतो, ती पाण्यावर आपटून किती वेळात परत आली त्यावरून पाणी किती वर आहे ते काढतो. आकडा मोबाईलच्या नेटवर्कवरून सर्व्हरला जातो. पाणी एका ठरावीक पातळीच्या वर गेलं की दोन गोष्टी होतात: यादीतल्या नंबरांना मेसेज जातो आणि सायरन वाजतो. पाणी खाली उतरेपर्यंत थांबून थांबून वाजत राहतो. सायरन लावायला पाड्यातलं सगळ्यात उंच स्लॅबचं घर हवं होतं. ते हरिश्चंद्र पाटलांचं, म्हणजे मनीषाच्या बाबांचं.

"लावा की," म्हातारा म्हणाला. "पन उगाच बोंबलंल तर नाय ना?"

"नाही हो बाबा," मी म्हणाले. "खरंच धोका असला तरच वाजेल."

मी माझ्या तोंडाने सांगितलं होतं हे.

आता त्या ठरावीक पातळीचं. सगळा खेळ तिचा आहे. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, पण रोज सारखं चढत नाही. अष्टमीच्या आसपास कमी चढतं, त्याला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला सगळ्यात जास्त, ते उधाण. हे आपल्याकडे खाडीकाठच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. धोक्याची पातळी ठरवायची तर ती नेहमीच्या उधाणाच्या वर आणि बांधाच्या माथ्याच्या खाली हवी. मुंबई बंदराचं भरतीचं कोष्टक मिळतं, पण खाडीच्या आत, तेही एवढा भराव पडल्यावर, त्या कोष्टकाच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून नियम साधा: यंत्र बसवा, सायरन जोडू नका, एक उधाण जाऊ द्या, पाणी कुठवर येतं ते बघा, मग पातळी ठरवा.

मी देसाईंना हेच सांगितलं. "पौर्णिमा आठवड्यावर आहे. एवढी जाऊ दे."

"मॅडम, बिल्डरचे डायरेक्टरसाहेब शनिवारी येतायत. नंतर ते फॉरेनला चाललेत."

"येऊ देत की. फीत कापतील, सायरन नंतर जोडू."

"आणि सायरन वाजला नाही तर ते बघणार काय? पाणी?"

शनिवार म्हणजे ऐन अष्टमी. भांग. पाणी मुळात चढणारच नव्हतं. मग देसाईंनी काय केलं असेल? भरती संध्याकाळी होती, साहेब पाचला येणार होते. देसाईंनी ऑफिसात बसून, सर्व्हरवरून, पातळी इतकी खाली आणली की त्या दिवसाची मरतुकडी भरतीसुद्धा तिच्यावर जावी. साहेबांनी फीत कापली, नारळ फोडला, चहा झाला, आणि बरोब्बर तेवढ्यात पाणी चढून सायरन वाजला. टाळ्या! साहेबांच्या मोबाईलवर मेसेजही आला. त्यांनी तो सगळ्यांना दाखवला.

मी तिथेच देसाईंच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आता लगेच पातळी वर करा. उद्यापासून पाणी वाढत जाणार."

"ऑफिसला गेल्यावर करतो."

"मला लॉगिन द्या, मी आत्ता करते."

"लॉगिन आता क्लायंटच्या सिक्युरिटी पॉलिसीत आहे, मॅडम. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी मला त्यांनी सातारच्या बाजूला एका धरणावर पाठवून दिलं. मी तिथून फोन केला. "पातळी केली का वर?"

"हो हो, झालं ते."

झालं कसलं, डोंबल!

इकडे पाड्यात काय झालं ते मला नंतर कळलं. रविवारी सकाळी भरतीला सायरन वाजला. लोकांना काय माहीत? मीच तर सांगितलं होतं, वाजला की धोका. बायका-पोरं, कोंबड्या, गॅसच्या टाक्या, जे हाताला लागलं ते घेऊन सगळे बांधावरून शाळेकडे धावले. हरिश्चंद्र पाटील डोक्यावर तांदळाची गोण घेऊन बांधाच्या पायऱ्या चढत होते. शेवाळावरून पाय गेला आणि मांडीचं हाड मोडलं. खाडीचं पाणी मात्र होतं तिथेच, बांधाच्या निम्म्यापर्यंतही नाही.

संध्याकाळी पुन्हा वाजला. सोमवारी दोनदा. पाणी रोज थोडं जास्त चढत होतं, त्यामुळे सायरन रोज थोडा जास्त वेळ वाजत होता. यंत्राशेजारच्या फलकावर लिहिलेल्या नंबरवर मनीषाने फोन केले. "कंप्लेंट नोंदवली आहे," एवढंच उत्तर. लहान पोरं झोपेनात, म्हातारी माणसं कावली. शेवटी नारळी पौर्णिमा आली. खाडी भरते तेव्हाच नारळ सोडायचा असतो, म्हणजे भर दुपारी. अख्खा पाडा नवे कपडे घालून बांधावर. बेंजो आणलेला. आणि उधाणाचं पाणी, त्यामुळे सायरन थांबायचं नावच घेईना. आरतीचा एक शब्द ऐकू येईना. बेंजोवाले गप्प बसले. तेव्हा मनीषा पूजेतून उठली, घरी गेली, जिन्याने स्लॅबवर चढली आणि कोयत्याने वायर तोडली.

मी म्हणते, एवढे दिवस थांबली कशी ती? मी असते तर पहिल्याच दिवशी सायरन खाडीत फेकून दिला असता.

तर हे सगळं मला पोलीस ठाण्यात येताना वाटेत समजलं. टेक्निशियनने सांगितलं. मग मी सर्व्हरवाल्या पोराला फोन लावला आणि पातळी विचारली. तो म्हणाला, "मॅडम, शनिवारी ठेवली तीच आहे. देसाई सर म्हणाले, रिव्ह्यू मीटिंगपर्यंत हात लावू नका. डायरेक्टरसाहेबांना रोज मेसेज जातायत, साहेब खूश आहेत. सिस्टीम लाइव्ह आहे म्हणतात."

ऐकलंत? साहेबांच्या खिशात रोज दोनदा मोबाईल वाजत होता, आणि साहेबांना वाटत होतं, वा, काय यंत्र आहे! त्यांच्या त्या 'वा'साठी एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. त्या आठवड्यात देसाईंना पाड्यातून किती फोन गेले असतील कोण जाणे, पण त्यांना ऐकू आला तो फक्त साहेबांचा आनंद. आणि आता गुन्हा मनीषावर.

"देसाई," मी फोनवर म्हणाले, "पातळी तुम्ही खाली केलीत आणि वर केलीच नाहीत. मला खोटं सांगितलंत."

"मॅडम, तो वेगळा विषय आहे. सायरनचा इन्शुरन्स क्लेम करायचाय, त्याला एफआयआर लागतो. एवढंच आहे. त्या मुलीचं काही होत नाही, पुढे मिटवून टाकू."

"पुढे म्हणजे तिची नोकरी गेल्यावर?"

"तुम्ही कंपनीचा पगार घेता ना?"

"घेते. यंत्र बसवायचा घेते. खोटं बोलायचं काही ठरलं नव्हतं आपलं."

मी फोन बंद केला. अर्ध्या तासात देसाई स्वतः हजर. एसी गाडीतून उतरलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर ते हसू, जे ते क्लायंटसमोर लावतात.

फौजदारसाहेब अनुभवी होते. त्यांनी तक्रार एकदा वाचली, मनीषाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सही कोणाची?"

"तांत्रिक बाब आहे, मॅडम करतील," देसाई म्हणाले.

"मी करणार नाही," मी म्हणाले. "यंत्र अचूक चालू नव्हतं. चुकीच्या पातळीवर ठेवलेलं होतं. साहेब, माझी तक्रार घ्यायची असेल तर घ्या. आमच्याच कंपनीने आठवडाभर खोटा सायरन वाजवला आणि या मुलीच्या वडिलांचा पाय मोडला, ही माझी तक्रार."

फौजदारांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्या कंपनीविरुद्ध तुमचीच तक्रार?"

"हो."

"मॅडम, उगाच नसती उठाठेव करू नका," देसाई दात आवळून म्हणाले.

"ठीक आहे, नाही करत. तुम्ही करा की सही! तुम्ही ऑथराइज्ड आहात, हुद्द्याने माझ्या वर आहात. लिहा, यंत्र सुस्थितीत व अचूक होतं. करा. उद्या चौकशीत मला विचारलं तर पातळी कोणी, कधी आणि कोणाच्या टाळ्यांसाठी खाली आणली, ते मी सगळं सांगणार आहे."

मी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला, वर पेनही ठेवलं. माणसाचं हसू इतक्या लवकर उतरताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"मला लीगलला विचारावं लागेल," ते म्हणाले.

"विचारा," फौजदार म्हणाले. "सही मिळाली की या. तोवर या पोरीला इथे बसवून ठेवायचं मला काही कारण दिसत नाही. जा गं तू घरी."

देसाई गाडीत बसून निघून गेले. ती सही आजतागायत कोणी केलेली नाही.

मनीषा माझ्या मागोमाग बाहेर आली. मला वाटलं, दोन शब्द बरे बोलेल. तिने मला फाटकापाशी गाठलं आणि फाडफाड बोलायला लागली.

"उपकार केलात असं समजू नका, म्याडम. आमच्या घरावर लावा म्हनून कोन आलं व्हतं? तुमी. धोका असला तरच वाजंल, असं कोन बोललं? तुमी. तुमचा तो सायेब आमी बघितला पन नाय. आमी तुमचं तोंड बघून व्हय म्हटलं."

पातळी मी बदलली नव्हती, लॉगिन माझ्याकडे नव्हतं, मी साताऱ्याला होते. हे सगळं खरं होतं आणि तिला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मी तिच्या जागी असते तर हेच बोलले असते, कदाचित आणखी वाईट.

"बाबा कसे आहेत?" मी विचारलं.

"प्लास्टरमदी. येवढी खाडी समोर हाय आनि जाता येत नाय, म्हनून दिवसभर शिव्या देत बसतात. तुमाला पन देतात."

"देऊ देत," मी म्हणाले.

तिचं व्हेरिफिकेशन झालं. नोकरी लागली. तिने मला कळवलं नाही, आणि कळवावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. टेक्निशियनकडून समजलं. त्या दिवशी मी घरी शिरा केला. एकटीने खाल्ला.

आता यंत्राचं. डायरेक्टरसाहेब परदेशातून परत आले तोवर वायर तुटली, पोलीस झाले ही बातमी क्लायंटच्या ऑफिसात पोचली होती. देसाईंनी हात वर केले आणि 'टेक्निकल इश्यू' म्हणून काम पुन्हा माझ्या गळ्यात टाकलं. मी एक अट घातली. लॉगिन माझ्याकडे राहील, दुसऱ्या कोणाकडे नाही. नाहीतर मी त्या बांधावर पाऊल ठेवणार नाही, ज्याला फीत कापायची हौस आहे त्याने जावं. त्यांनी दिलं. न देऊन करतात काय?

पिठोरी अमावास्येचं उधाण येऊ दिलं. सायरन जोडला नव्हता. दुपारभर मी बांधावर उभी राहून पाणी कुठवर चढतं ते सेन्सरवर आणि डोळ्यांनी दोन्ही बघितलं. मग धोक्याची पातळी ठरवली, जिथे ती पहिल्यापासून असायला हवी होती तिथे. पूर्ण काम इतकंच. यासाठी फक्त एक अमावास्या किंवा एक पौर्णिमा थांबायचं होतं.

मग थोड्या दिवसांनी देवळाच्या ओट्यावर पाड्यातली माणसं बसली आणि मी सांगितलं, आता यंत्र बरोबर आहे, सायरन परत लावू या.

हरिश्चंद्र पाटलांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. त्यांनी तोंड फिरवलं. शेवटी मनीषाच बोलली. ड्युटीवरून आली होती, युनिफॉर्म अंगावर होता.

"म्याडम, यंत्र बरोबर असंल. मी नाय म्हनत नाय. पन सायरन नको. आता तो खरा वाजला तरी कोन उठनार नाय. कूस बदलून झोपतील. त्यापरीस नसलेला बरा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. इतकं सरळ काम. आम्ही त्यांना सावध करायला गेलो आणि त्यांचा कान मारून आलो. पातळी दोन मिनिटांत परत वर करता येते. पण हे कुठल्या सर्व्हरवरून परत वर करायचं?

"मग पाणी चढलं तर तुम्हाला कळणार कसं?" मी विचारलं.

तिने मोबाईल काढला. मग म्हणाली, "तो मेसेज जातो ना सायेबाला? तो मला धाडा. माझ्या आयशीच्या नंबरवर पन, मी ड्युटीवर असले तर. आमी बांधावर जाऊन बगू. खरं असलं तर आमी सांगू. आमचं आयकतात लोक."

हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. पण त्या पाड्यात तेव्हा दुसरं काही चाललं नसतं.

आता कुठलीही नवीन साइट मिळाली की मी पहिला प्रश्न विचारते: हे वाजल्यावर उठायचं कोणाला? मग त्याला विचारून, त्याच्या सोयीने बसवायचं. टाळ्या वाजवणाऱ्याला फोटो पाठवला तरी पुरतो. हे मी देसाईंना मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकवलं. ते म्हणाले, "नोटेड, मॅडम." त्यांनी काही नोट केलेलं नसणार.

त्या दिवशी ओट्यावरून उठायच्या आधीच मी लॅपटॉप उघडला आणि यादीत दोन नंबर घातले, मनीषाचा आणि तिच्या आईचा. घालता घालता वर डायरेक्टरसाहेबांचा नंबर दिसला. पाणी चढलं तर त्यांनी काय करावं अशी अपेक्षा होती, यावर मी थोडा विचार केला. ते राहतात मुंबईत, बाराव्या मजल्यावर. मी त्यांचा नंबर काढून टाकला. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.